एका समुद्रवहीचा शोध

आपल्या ग्रामदेवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम ग्रामस्थांच्या, माहेरवाशिणींच्या व मुंबईकर मंडळींच्या सढळ मदतीने पुरे होत आले आहे. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत गावाच्या जुन्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, असे समितीने मला सुचविले. मी इतिहासाचा पदवीधर नाही. एस. एस. सी. झाल्यावर तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि तेव्हापासून जुन्या दप्तरांत वावरत आलो. कागद कसा पाहावा, नक्कल कशी ताडावी, एवढेच काय ते मला ठाऊक. त्या तुटपुंज्या शिदोरीवर हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या गावात पुष्कळ वर्षे एक गोष्ट सांगितली जाते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक ग्रंथात आपल्या बंदराचे नाव आहे, ही ती गोष्ट. समितीच्या बैठकीत हा मजकूर नव्या संगमरवरी पाटीवर कोरावा अशीही सूचना आली. सूचना गावाच्या प्रेमापोटी होती, यात शंका नाही. परंतु कागदावरचे अक्षर खोडता येते, दगडावरचे खोडता येत नाही. म्हणून तो ग्रंथ कोणता, तो आज कोठे आहे, कोणी व केव्हा लिहिला आणि त्यात आपल्या किनाऱ्याविषयी नेमके काय लिहिले आहे, याची विचारपूस मी केली. मुंबईच्या एका ग्रंथालयात बसून, इंग्रजी भाषांतर शब्दकोशाच्या आधाराने वाचून, जाणत्या माणसांना विचारून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

ही वही कसली?

या ग्रंथाचे नाव ‘पेरिप्लस मारिस एरिथ्राई’. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या समुद्रप्रवासाची हकीकत. एरिथ्रियन समुद्र म्हणजे शब्दशः लाल समुद्र. पण त्या काळचे ग्रीक लोक आजचा तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि आपला अरबी समुद्र व हिंदी महासागर या सर्वांना मिळून ते नाव देत. मूळ लिखाण ग्रीक भाषेत असून त्याची लहान लहान ६६ प्रकरणे आहेत. सगळे मिळून छापील वीस-पंचवीस पानांपेक्षा जास्त भरणार नाही.

ग्रंथ म्हटल्यावर आपल्या मनात पोथी किंवा काव्य येते. हे तसे काही नाही. ही व्यापाऱ्याची व्यवहारी वही आहे. अमुक बंदरातून निघावे, इतके दिवस जावे, पुढे अमुक बंदर लागते, तेथे अमुक माल खपतो, अमुक माल घ्यावा, तेथील राजा अमुक, खडक अमुक बाजूला, अशी सारी नोंद. भडोचच्या बंदराविषयी तर आयात-निर्यातीची यादीच दिली आहे. बाहेरून द्राक्षाची दारू येई, त्यातही इटलीची अधिक पसंत. तांबे, कथील, शिसे, पोवळी येत. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले, सुंदर दासी व उंची वस्त्रे आणीत. इकडून हस्तिदंत, अकीक, जटामांसी, गुग्गुळ, पिंपळी, रेशमी कापड आणि तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड जाई. घाटावरच्या बाजारपेठेत आजचा आडत्या जशी टिपणे ठेवतो, तशीच ही टिपणे होत.

नकलेचा प्रवास

आता कचेरीच्या भाषेत पहिला प्रश्न: अस्सल कोठे आहे?

अस्सल कोठेच नाही. लेखकाच्या हातची वही केव्हाच नष्ट झाली. आज जे आहे ते नकलेवरून नक्कल होत आलेले एक हस्तलिखित. ते जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि ‘कोडेक्स पालाटिनुस ग्रेकुस ३९८’ या क्रमांकाने त्याची नोंद आहे. ते इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिले गेले. म्हणजे मूळ लेखक आणि ही नक्कल करणारा लेखनिक यांच्यात साडेआठशे-नऊशे वर्षांचे अंतर. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणखी एक हस्तलिखित आहे, पण ते चौदाव्या-पंधराव्या शतकातील असून या हायडेलबर्गच्या प्रतीवरूनच उतरलेले आहे, असे विद्वानांनी ठरविले आहे. नकलेच्या नकलेला स्वतंत्र पुरावा म्हणता येत नाही. तेव्हा साऱ्या जगाची भिस्त या एकाच प्रतीवर.

या एका प्रतीने काय काय भोगले ते पाहावे. १५३३ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे गेलेनियस नावाच्या पंडिताने हा ग्रंथ प्रथम छापला. हस्तलिखित पुढे हायडेलबर्गच्या राजग्रंथालयात आले. युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि १६२२ साली हायडेलबर्ग शहर पडले. विजेत्यांनी ते ग्रंथालय रोमच्या पोपला भेट दिले आणि १६२३ साली ग्रंथांची गाठोडी खेचरांच्या पाठीवर लादून आल्प्स पर्वत ओलांडून रोमला नेण्यात आली. पुढे नेपोलियनच्या फौजांनी इटली जिंकली, तेव्हा १७९७ च्या तहानुसार निवडक हस्तलिखिते पॅरिसला गेली. त्यात हेही होते. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१६ साली ते पुन्हा हायडेलबर्गला परतले. आज त्याच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र त्या ग्रंथालयाने सर्वांना पाहण्यासाठी खुले केले आहे.

चार राज्यांच्या धामधुमीत एखादे खेचर दरीत कोसळले असते, एखादे गाठोडे पावसात भिजले असते, तर चौल, कल्याण, सोपारा या बंदरांची ही साक्ष कायमची बुडाली असती. एका कागदावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे यावरून ध्यानात यावे.

लेखक कोण?

हस्तलिखिताच्या मथळ्यावर लेखकाचे नाव आहे ‘एरियन’. हा एरियन म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रसिद्ध ग्रीक इतिहासकार. शिकंदराच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. वरवर पाहता प्रश्न मिटला.

पण मिटला नाही. त्याच बाडात या ग्रंथाच्या अगोदर एरियनचा काळ्या समुद्रावरील एक पेरिप्लस आहे. एकाच जिल्ह्याचे दोन कागद एका बस्त्यात बांधले की मागच्या कागदावरचे नाव पुढच्याला चिकटते, हे आम्हां दप्तरातल्या लोकांना नवे नाही. दोन लिखाणांची भाषाही जुळत नाही. एरियन हा सुशिक्षित अधिकारी, त्याचे ग्रीक घोटीव; या वहीचा लेखक बाजारातले साधे ग्रीक लिहितो. म्हणून ते नाव विद्वानांनी रद्द केले. खरे नाव कोणते, ते ग्रंथात कोठेच नाही.

मात्र नाव नसले तरी माणूस ओळखता येतो. तो महिन्यांची नावे देताना जुलै म्हणजे ‘एपिफी’, असे रोमन महिन्याबरोबर इजिप्तचे नाव देतो. अरबस्तानातील एका झाडाविषयी लिहिताना आमच्याकडे इजिप्तमध्ये असते तसे, असा दाखला देतो. तेव्हा तो इजिप्तमध्ये राहणारा ग्रीक भाषिक होता, हे उघड आहे. मालाच्या याद्या आणि कोठे काय खपते याची जाण पाहता तो स्वतः व्यापारी असावा, हेही मान्य झाले आहे.

तो आपल्याकडे प्रत्यक्ष आला होता काय? तांबड्या समुद्राविषयी लिहिताना एके ठिकाणी तो ‘आम्ही’ असा शब्द वापरतो. भडोचच्या खाडीतील भरतीचे त्याचे वर्णन तर अंगावर काटा आणणारे आहे. भरती येताना दुरून सैन्याच्या आरोळीसारखा आवाज ऐकू येतो, पाणी एकदम वर चढते आणि नांगरलेली गलबते उलटून पडतात, असे तो लिहितो. तेथील राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे समुद्रात जात आणि परक्या जहाजांना वाट दाखवून, ओहोटीत कोठे थांबावे व भरतीत केव्हा निघावे ते पाहून आत आणीत, हेही त्याने नोंदविले आहे. ज्याने भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला आहे, त्यालाच ही नोंद करता येते. उलट गंगेच्या पलीकडच्या मुलखाविषयी त्याच्या नोंदी तुटक होतात आणि शेवटी, पुढचा प्रदेश कोणी शोधलेला नाही, असे म्हणून तो लेखणी खाली ठेवतो. पाहिलेले कोणते व ऐकीव कोणते, हा फरक या व्यापाऱ्याच्या लिखाणात दिसून येतो. त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, तो यामुळेच.

साल कसे ठरले?

ग्रंथावर तारीख नाही. आमच्याकडे बिनतारखेचा जुना कागद आला की आम्ही त्यावर कोणत्या मामलेदाराची सही आहे ते पाहतो. तो मामलेदार अमुक साली आला व अमुक साली बदलून गेला, म्हणजे कागद त्या दरम्यानचा. विद्वानांनी याच रीतीने या वहीचे साल काढले.

तांबड्या समुद्राच्या वरच्या टोकाकडील एका बंदराविषयी लिहिताना लेखक सांगतो, की तेथून पेट्रा शहरास वाट जाते व तेथे नबातियन लोकांचा राजा मलिखस राज्य करतो. या राजांची नाणी व शिलालेख मिळाले असून त्यांवर राज्यवर्षे घातलेली आहेत. त्यांवरून या मलिखसाची कारकीर्द इसवी सन ४० ते ७० अशी ठरते. शिवाय हे नबातियन राज्यच १०६ साली रोमन बादशहाने खालसा केले. तेव्हा त्यानंतरचा लेखक तेथे स्वतंत्र राजा दाखविणार नाही. विसाव्या शतकात काही विद्वानांनी हा ग्रंथ तिसऱ्या शतकापर्यंत खाली खेचला होता, पण ते मत टिकले नाही. आज तो पहिल्या शतकाच्या मध्याचा, साधारण ४० ते ७० या वर्षांमधला, असे बहुतेक सर्व मानतात.

दुसरी सही आपल्या मुलखातली आहे. भडोचच्या परिसरात ज्याचे राज्य होते, त्याचे नाव लेखक देतो. निरनिराळ्या छापील प्रतींत ते मांबारस, नांबानस, मांबानोस असे निरनिराळे आले आहे. परक्या माणसाने कानाने ऐकलेले नाव, त्यावर नकलकारांचे हात, म्हणजे असे व्हायचेच. पण हा नहपान, असे विद्वानांनी ओळखले. हा क्षहरात कुळातील शक क्षत्रप. नाशिकची पांडवलेणी, कार्ले व जुन्नर येथे त्याच्या अमदानीतले शिलालेख आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे त्याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला; त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप मारलेला आहे. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला, त्याचा याहून बोलका दाखला कोणता?

देणगीदार बंधुभगिनींना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. नाशिकच्या लेण्यात या नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेला एक लेख आहे. त्यात त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे भिक्षूंच्या वस्त्रादी खर्चाला लावायचे. हे दान निगमसभेत जाहीर करून रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले, असेही त्यात लिहिले आहे. दुसऱ्या एका लेखात त्याने दमण, तापी, डाहाणुका इत्यादी नद्यांवर लोकांसाठी फुकट तरी ठेवल्याचे आणि सोपारा, भडोच येथे धर्मशाळा बांधल्याचे म्हटले आहे. दान कोणी दिले, किती, कोठे ठेवले व कशाला खर्चावे, हे सर्वांसमक्ष लिहून ठेवण्याची आपल्या प्रदेशातील चाल इतकी जुनी आहे. त्या लेखातील नहपान आणि ग्रीक व्यापाऱ्याच्या वहीतील राजा हे एकच, म्हणूनच एका दस्तऐवजाची दुसऱ्याशी रुजुवात घेता येते.

वहीतला आपला मुलूख

आता या वहीत महाराष्ट्राविषयी काय आहे ते पाहू. लेखक सांगतो, की भडोचच्या पुढे किनारा दक्षिणेकडे वळतो व या मुलखाला ‘दखिनाबादेस’ म्हणतात, कारण येथील लोकांच्या भाषेत दक्षिणेला ‘दखानोस’ म्हणतात. दक्षिणापथ हा शब्द त्याने येथल्या माणसांच्या तोंडून ऐकला आणि अर्थासह टिपला. एका परक्या व्यापाऱ्याने टिपलेला हा आपला शब्द वाचताना मला फार नवल वाटले.

या दक्षिणेतील दोन मोठ्या पेठा तो सांगतो. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकिकासारखे दगड व तगरहून साधे कापड, तलम मलमल असा माल गाड्यांत घालून बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला उतरे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे आता सर्वमान्य आहे. तेरला जुन्या वस्तूंचे संग्रहालय असून तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विख्यात आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात तर ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, लहानशी कांस्य मूर्ती निघाली. वहीत लिहिलेला व्यापार जमिनीतूनही वर येतो, तो असा.

किनाऱ्यावर तो सोपारा सांगतो. हेच आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आज्ञेचा शिलाखंड मिळाला. मग कल्याण. थोरल्या सारगनाच्या, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या, काळात कल्याण हे कायदेशीर व्यापाराचे बंदर होते. पण ते दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यापासून तेथे अडथळा होतो आणि चुकून कोणी ग्रीक गलबत आलेच तर पहाऱ्यात भडोचला नेतात, असे तो लिहितो. सातवाहन व क्षत्रप यांच्यातील झगड्याची ही बंदरावरून दिसलेली बाजू. बंदर पडले की पोट कोणाचे उपाशी राहते, हे आपल्या कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

वाऱ्याचे गणितही त्याला ठाऊक आहे. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा जहाजाला इकडे आणून सोडतो. हिप्पालस नावाच्या तांडेलाने भर समुद्रातून थेट येण्याची वाट शोधली, असे तो सांगतो. ग्रीकांना जो शोध वाटला, ते ज्ञान आपल्या व अरबांच्या दर्यावर्दी लोकांना अगोदरपासून असणार, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी लोटणाऱ्यांना ते पटेल.

सात बंदरे आणि आपले गाव

आता मुद्द्याचे. कल्याणच्या पुढे लेखक आणखी सात बंदरांची नावे एका ओळीत देतो: सेमुल्ला, मांदागोरा, पालैपात्माय, मेलिझेइगारा, बिझांतियन, तोगारोन आणि औरान्नोबोआस. त्यापुढे काही बेटे व समुद्रचोरांचा इशारा. एवढेच. या सात बंदरांमधले अंतर नाही, खाडीचे वर्णन नाही, तेथे कोणता माल मिळतो तेही नाही. नुसती नावे.

यांतील सेमुल्ला म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौल, हे ठाम सांगता येते. कारण एक नव्हे, अनेक साक्षीदार आहेत. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याण व सोपारा यांच्याबरोबर चेमूल येथील दात्यांचीही नावे आहेत. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी ‘सिमुल्ला’ नाव देतो आणि तेथील लोक त्यालाच ‘तिमूला’ म्हणतात, असे सांगतो. पुढे अरब प्रवासी त्याच बंदराला ‘सैमूर’ म्हणतात. ग्रीक, अरब आणि आपले स्वतःचे शिलालेख एकाच ठिकाणी बोट दाखवितात, तेव्हा ती नोंद पक्की.

बाकीच्या सहा नावांचे तसे नाही. मांदागोरा म्हणजे बाणकोट, पालैपात्माय म्हणजे दाभोळ, मेलिझेइगारा म्हणजे जयगड, बिझांतियन म्हणजे विजयदुर्ग, तोगारोन म्हणजे देवगड, औरान्नोबोआस म्हणजे मालवण, अशा जोड्या निरनिराळ्या विद्वानांनी सुचविल्या आहेत. पण एकाने सुचवावे आणि दुसऱ्याने खोडावे, असे चालत आले आहे. या जोड्या मुख्यतः नावांच्या साम्यावर व ओळीतील क्रमावर बसविल्या आहेत. त्यांना कान्हेरीसारखा दुसरा दाखला मिळालेला नाही.

येथे आणखी एक धोका सांगतो. १८८३ साली फॅब्रिशियस नावाच्या जर्मन पंडिताने या ग्रंथाची प्रत छापली, तेव्हा जेथे वाक्य अवघड वाटले तेथे आपल्या समजुतीप्रमाणे शब्द बदलले. त्यातल्या कित्येक दुरुस्त्या अनावश्यक होत्या, असे पुढच्या संपादकांनी दाखविले. १९२७ साली स्वीडनमध्ये फ्रिस्क यांनी मूळ हस्तलिखिताशी ताडून नवी प्रत केली आणि १९८९ साली अमेरिकेत कॅसन यांनी ती आधाराला घेऊन भाषांतर केले, तेव्हा मजकूर ठिकाणावर आला. नक्कल करणाऱ्याने आपले शहाणपण कागदात घालू नये, हा आमच्या दप्तराचा पहिला नियम. शंका असली तर समासात शेरा मारावा, पण मूळ अक्षर जसेच्या तसे उतरवावे.

हाच नियम आपण पाळावा, अशी माझी समितीला व सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती आहे. आपले गाव या किनाऱ्यावर आहे. हा किनारा, ही बंदरे, हे वारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वहीत आहेत, ही गोष्ट खरी असून अभिमानाने सांगण्याजोगी आहे. परंतु आपल्या गावाचे नाव त्या सातांत आहे, असे म्हणण्यास पुरावा नाही. दोन नावांत एखादे अक्षर जुळते म्हणून ते दगडावर कोरले, तर उद्या आपलीच शिकलेली मुले ती पाटी वाचून हसतील. मग त्या पाटीवरची खरी नावेही, म्हणजे ज्यांनी घाम गाळला आणि पदरचे पैसे दिले त्यांचीही, संशयाने वाचली जातील. एक खोटी नोंद सगळ्या रजिस्टराची किंमत घालविते. गावाचा मोठेपणा दोन हजार वर्षांवर अवलंबून नाही. जीर्णोद्धाराचे साल, देणगीदारांची नावे आणि कारागिरांची नावे एवढे जरी त्या पाटीवर अचूक कोरले, तरी पुढील इतिहासकाराला ते सोन्यासारखे आहे.

आपल्या घरचे कागद

त्या ग्रीक व्यापाऱ्याच्या वहीतून घेण्याजोगा दुसरा धडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो व्यापारी राजा नव्हता, कवी नव्हता. आपली वही दोन हजार वर्षे वाचली जाईल, असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. त्याने फक्त पाहिले ते नीट टिपले, आणि कोणीतरी ते टिकवावे म्हणून उतरवून घेतले. अस्सल गेले, नक्कल राहिली, आणि त्या एका नकलेमुळे आज पैठण-तेरच्या गाड्या व सोपारा-चौलची बंदरे आपल्याला दिसतात. आणि हेही खरे, की त्या काळी या बंदरांवर राबणाऱ्या आपल्या माणसांनी, तांडेलांनी, कोळ्यांनी, कोष्ट्यांनी स्वतः लिहिलेली अशी एकही वही आपल्याजवळ नाही. आपला किनारा आपल्याला परक्याच्या डोळ्यांनी पाहावा लागतो.

पुढच्या पिढ्यांवर ती वेळ येऊ नये. आपल्या गावातील कित्येक घरांच्या माळ्यावर, देव्हाऱ्याखालच्या पेटीत, जुन्या फडताळात मोडीतले कागद आहेत. मंदिराच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, इनामाचे व पाळीचे कागद आहेत, तांडेलांच्या नौकांचे हिशेब आहेत. त्यांतले काही वाळवीने खाल्ले, काही पावसाळ्यात चुलीत गेले. जे उरले आहेत त्यांची एक यादी करावी. कागद ज्याचा त्याच्याच घरी राहू द्यावा. फक्त त्याची छायाचित्रे काढून एक संच मंदिरात व एक संच गावाबाहेर, एखाद्या ग्रंथालयात ठेवावा. एकाच जागी ठेवलेली एकच प्रत म्हणजे खेचराच्या पाठीवरचे गाठोडे. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत, परंतु शासनाच्या पुराभिलेख खात्यामार्फत मोडीचे शिक्षण दिले जाते. गावातील दोन होतकरू मुलामुलींना तेथे पाठविण्याचा खर्च मंदिराच्या शिलकेतून झाला, तर तोही जीर्णोद्धारच म्हणावा लागेल.

तसेच आज जे ऐंशीच्या पुढे गेले आहेत, त्यांच्याकडून खाडीतल्या वाटा, बंद पडलेल्या धक्क्यांच्या जागा, गलबतांची नावे, कोणत्या वाऱ्याला काय म्हणतात, हे लिहून घ्यावे. लिहिताना कोणी पाहिले आणि कोणी ऐकले, हे वेगवेगळे नोंदवावे. खाली लिहून घेणाऱ्याचे नाव व तारीख घालावी. नाव आणि तारीख नसल्यामुळे त्या ग्रीक व्यापाऱ्याच्या वहीवर विद्वानांना शेकडो वर्षे डोके खपवावे लागले. आपण दोन ओळी जास्त लिहिल्या, तर पुढच्यांचे तेवढे श्रम वाचतील.

या कामात मोडी-मराठी कागद लावणे, यादी करणे, नकला ताडून पाहणे, एवढी सेवा माझ्या हातून होण्यासारखी आहे. सुटीच्या दिवशी मंदिराच्या ओसरीवर मी बसत जाईन. ज्यांच्याकडे कागद असतील त्यांनी ते फडक्यात गुंडाळून, उन्हात न तापवता, आहेत तसे घेऊन यावेत. फाटका तुकडाही टाकू नये.